डोहाळ्यांची वकिली

भागूकाकूंना हळू बोलता येत नसे. आमच्या कल्याणच्या आळीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि तरी आळीतली प्रत्येक गरोदर सून आपलं गुपित सांगायला त्यांनाच गाठी. लग्न होऊन नवी आले तेव्हा मला याचं फार नवल वाटे. काकूंच्या ओटीवर बोललेली गोष्ट शेणाळे तळ्यावर धुणं धुणाऱ्या बायकांना पहिलं लुगडं पिळून व्हायच्या आत कळे. काकू मात्र तोंडावर पदर धरून, आपण कुजबुजतो आहोत अशा समजुतीत बोलत.

पण त्यांच्यावाचून कुणाचं चालतही नसे. त्या काळी सुनेनं सासूपुढे उभं राहून ‘मला अमुक खावंसं वाटतं’ म्हणायचं म्हणजे निर्लज्जपणाची कमाल होती. दुसरीकडून, डोहाळा मोडला तर जन्माला येणाऱ्या पोराचा कान फुटतो, यावर थोरामोठ्यांची अढळ श्रद्धा. म्हणजे सुनेनं मागायचं नाही आणि सासूनं मोडायचं नाही. मग मधे कुणीतरी निरोप नेणारं लागे. ज्यांची आई जवळ, बहीण जवळ, त्यांचं भागून जाई. बाकीच्यांची वकिली भागूकाकूंकडे.

काकू बुटक्या आणि गोल. दारातून आधी त्यांचं पोट येई, मग हातातला पंखा, आणि मग काकू. त्यांचे यजमान गोपाळभट भिक्षुकी करत. मंत्र सोडले तर त्यांचा आवाज आळीत कुणी ऐकलेला नव्हता. बोलायला जागा न मिळाल्यामुळे त्यांनी मौन धरलं, असं लोक म्हणत. श्राद्धपक्षाला घरोघर जेवून आले की काय काय होतं ते काकू त्यांच्याकडून वदवून घेत, त्यामुळे कुणाच्या कोठीत काय आहे याची आळीतली पक्की खबर त्यांच्याजवळ असे.

डोहाळा सांगायची त्यांची एक रीत होती. त्या सासूच्या घरी जात, उंबऱ्याजवळ बसत, नाकातली चमकी दोन बोटांनी गोल फिरवत आणि आधी तीन भलत्याच गोष्टी बोलत. विहिरीचं पाणी खाली गेलं, ठाण्याच्या कचेरीत नवा साहेब आला, अमक्याच्या गाईला खोंड झाला. सासू कंटाळून तांदूळ निवडायला लागली की मग चमकी थांबे. ‘तुझ्या सुनेला बासुंदी हवीय हो.’ सासूनं कपाळाला आठी घातली की त्या दोन्ही हात वर करत. ‘मी नाही बाई मागत. पोट बोलतंय.’ कोणाचं पोट, ते त्या सांगत नसत.

लोकांना संशय येई, आणि संशयाला जागाही होती. धान्याच्या एका मोठ्या व्यापाऱ्याच्या सुनेला पाचवा महिना लागल्यापासून जे जे डोहाळे लागले, ते सगळे भागूकाकूंच्या आवडीचे होते. पुरणपोळी, घीवर, साखरभात. रांधायलाही काकूच पदर खोचून उभ्या राहत आणि चव बघायला म्हणून वाटीभर आधी स्वतः घेत. वाटी लहान नसे. त्या सुनेला मुलगा झाला तेव्हा आळीतल्या बायका म्हणाल्या, बाळंतीण उठली, आता भागूनं कधी उठायचं?

एकदा मात्र त्यांची वकिली अंगावर आली. एक पोरगी अगदी मुखदुर्बळ होती. काकूंनी तिला विचारलं काय हवं, तर तिनं नुसती मान हलवली. काकूंनी ठरवून टाकलं की तोंडाला चव नाही, कडू हवं असणार, आणि सासूला कारल्याचा डोहाळा सांगून आल्या. सासू हौशी निघाली. कारल्याची भाजी, कारल्याची कोशिंबीर, कारल्याचं पंचामृत, असं ताट वाढून पाच सवाष्णींसमोर पोरीला बसवलं. पोरीला लहानपणापासून कारल्याचा वास सोसत नसे, पण डोहाळा आपल्याच नावावर, सांगणार कोणाला? डोळ्यांतून पाणी गाळत तिनं ताट संपवलं. सासू म्हणाली, ‘बघा, किती समाधान झालं.’ काकू माजघरात तोंडात पदर कोंबून बसल्या होत्या. पुढे महिनाभर त्या पोरीला रोज लपवून खडीसाखर पोचवत होत्या.

अशा बाईच्या हाती माझा जीव सोपवला जायचा होता, हे मला तेव्हा कुठलं ठाऊक?

माझं माहेर खडवलीचं. आई लहानपणीच गेली, वडिलांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा पहिलटकरीण माहेरी जाते ती वाट मला बंद होती. दिवस गेले ते सासरीच काढायचे. सासर तसं खाऊनपिऊन सुखी. मामंजींची भातशेती होती, आमचे हे आगगाडीनं ठाण्याच्या कचेरीत जात. कोठी भरलेली असे आणि कोठीची किल्ली सासूबाईंच्या कमरेला.

सासूबाईंना कुणी चिक्कू म्हटलं असतं तर ते खोटं ठरलं असतं. दारी आलेला भिकारी त्यांच्याकडून पोटभर जेवून जाई. पण मला दिवस गेल्याचं कळलं तशी त्यांनी माझ्या पानातली भाताची मूद लहान केली. तूप बंद झालं. दूध बंद झालं. रात्री नुसती पेज, तीही अशी की वाटीचा तळ दिसावा. चौथ्या महिन्यात डाळही गेली. मी काही बोलायची सोय नव्हती. ह्यांना सांगावं, तर ते आईपुढे माझ्याहून गरीब.

याचं कारण घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोलत नसे. माझ्या वन्सं, ह्यांची थोरली बहीण मनू, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आल्या होत्या. सासूबाईंनी एकुलत्या एका लेकीला तुपालोण्यावर ठेवलं. मूल पोटात मोठं झालं, वन्सं अडल्या, आणि दोघंही गेली. तेव्हापासून सासूबाईंच्या मनानं घेतलं होतं की गर्भारशीला खाऊ घालणं म्हणजे तिला मारणं. पोर बारीक राहू दे, पण बाई सुटू दे. माझी मूद लहान करताना त्या पानाकडे बघत नसत, ते मी पाहिलं आहे. त्यामुळे मला त्यांचा रागही धड येत नसे.

पाचव्या महिन्यात मी विहिरीवरून कळशी आणताना भोवळ येऊन काकूंच्या ओटीवर बसले. काकूंनी माझी पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली, आणि मला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. मी तो खडा इतक्या घाईनं खाल्ला की त्यांनी न बोलता दुसरा दिला. मग विचारलं, ‘काय खावंसं वाटतंय गं तुला?’

मी म्हटलं, ‘काहीही.’

‘काहीही हा डोहाळा होत नाही. नाव घे.’

मला नाव सुचेना. भुकेल्या माणसाला अमुकच एक हवं असं वाटत नाही, हे मला तेव्हा कळलं. काकू माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘बरं, तू गप्प बस. तुझं पोट मी होते.’

त्याच दिवशी दुपारी त्या आमच्याकडे आल्या. मी आतल्या दाराशी वाती वळत होते. विहीर झाली, साहेब झाला, खोंड झाला. सासूबाई म्हणाल्या, ‘भागू, मतलबाचं बोल.’ चमकी थांबली. मला वालाचं बिरडं हवं होतं म्हणे. भिजवून मोड आणून सोललेलं, ओला नारळ घातलेलं, आणि नुसतं नव्हे, भाताबरोबर.

सासूबाईंनी कमरेची किल्ली चाचपली. मग उठून त्यांनी वाल काढून दिले. कान फुटायची भीती होती ना.

बिरडं झालं. मी जेवले. दोन दिवसांनी मला नाचणीची दुधातली आंबील हवीशी झाली. मग शेवग्याच्या शेंगा घातलेली दाट आमटी. मग म्हशीच्या चिकाचा खरवस. साधं दूध काकू कधी मागत नसत. त्यांचं म्हणणं, दूध मागितलं तर तो हावरटपणा दिसतो आणि खरवस मागितला तर डोहाळा. तुपाची धार मागायची नाही, तुपात तळलेली कडबोळी मागायची. मला तर पुढे आपल्याला उद्या काय खावंसं वाटणार आहे ते ऐकायची उत्सुकता लागून राहिली. धुणं वाळत घालता घालता काकू कुंपणावरून मला कळवत, ‘उद्या तुला पोपटी हवीय हो,’ आणि शेजारच्या चार घरांनाही ते आपोआप कळे. पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा भरून शेतात जाळावर भाजायच्या. त्या दिवशी मामंजींसकट सगळं घर शेतावर जेवलं, आणि काकूंनी चव बघताना निम्मं मडकं संपवलं.

माझ्या गालांवर पुन्हा मांस आलं. पोटातलं पोर, जे आजवर आळशासारखं पडून होतं, ते लाथा मारायला लागलं. मला इतका आनंद होई की मी एकटीच हसत असे.

सासूबाईंना ते दिसलं आणि त्या घाबरल्या. सातव्यात माझं पोट चांगलंच पुढे आलं. एके दुपारी काकू येऊन चमकीला हात घालणार तोच त्या म्हणाल्या, ‘भागू, आजपासून माझ्या घरी डोहाळा आणायचा नाही.’

काकू म्हणाल्या, ‘वहिनी, पोराचा कान –’

‘फुटला तर तेल घालीन. कान फुटलेली माणसं जगतात.’ आणि त्यांनी कोठीला कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली, आणि रात्रीची पेज पुन्हा पातळ झाली.

काकू घरी गेल्या आणि चक्क गप्प बसल्या. कुंपणापाशी आल्या नाहीत, तळ्यावर गेल्या नाहीत. आळीत इतकी शांतता पसरली की गोपाळभट ओटीवर येऊन कुणाशीतरी दोन वाक्यं बोलले. लोकांना वाटलं काकू आजारी आहेत. मला वाटलं, संपलं. पोट मोठं आणि पान रिकामं, असे दोन महिने काढायचे होते, आणि ते निघतील असा मला धीर नव्हता. मी देवापुढे बसून रडत असे. रडायलाही ताकद लागते.

मग एका सकाळी काकू आल्या. पंखा नव्हता. उंबऱ्याशी बसल्या, चमकीला हात लावला नाही, विहिरीचं नाव काढलं नाही. सासूबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. काकू बोलल्या, आणि जन्मात पहिल्यांदा खरोखर हळू बोलल्या. दाराआडून मला कान द्यावा लागला.

‘आठळ्या मागतेय. चुलीच्या राखेत भाजलेल्या. मीठ लावायचं नाही, बरोबर गुळाचा खडा.’

सासूबाईंचा हात सुपात तसाच राहिला. मी तर चक्रावलेच. फणसाच्या आठळ्या मी काही मागितल्या नव्हत्या, मला त्या आवडतही नव्हत्या. आणि ऐन पौषात आठळ्या मिळणार कुठे? काकूंनी या वेळी मागायला अगदीच भिकार वस्तू काढली असं मला वाटलं. ना दूध, ना तूप.

सूप बाजूला ठेवून सासूबाई म्हणाल्या, ‘फार उशीर केलास, भागू.’

काकूंनी मान खाली घातली. सासूबाई उठल्या, आत देवापुढे गेल्या, तिथून बाहेर आल्या, आणि कमरेची किल्ली काढून त्यांनी ती माझ्या ओटीत टाकली. माझ्याकडे पाहिलं नाही. पोटाकडे पाहिलं.

आठळ्यांसाठी त्यांनी सगळं कल्याण पालथं घातलं. शेवटी कोपरहून मिठाची पाटी घेऊन येणारी सोनूबाय दाराशी आली, तिला विचारलं. ती म्हणाली, ‘माजे सासूनं मातीन पुरून ठेवल्यात पावसाल्यापासून. उद्या आनून देतंय. पोटुशीचं मागनं परतवू नय.’ दुसऱ्या दिवशी मिठाच्या पाटीत एका कोपऱ्यात फडक्यात बांधलेल्या आठळ्या आल्या. सासूबाईंनी दुसऱ्या कुणाला चुलीपाशी येऊ दिलं नाही. स्वतः राखेत पुरल्या, स्वतः काढल्या, बोटं भाजून घेत स्वतः सोलल्या, आणि मला समोर बसवून एकेक माझ्या हातावर ठेवली. काही मातीसारख्या लागत होत्या. मी सगळ्या खाल्ल्या. त्या दर वेळी विचारत, ‘आणखी हवीय?’ आणि पुढे एक नाव घेत. ते माझं नव्हतं. त्या म्हणत, ‘आणखी हवीय, मनू?’

जेवायला पोटभर मिळायला लागलं, मूद मोठी झाली, दूध आलं, तूप आलं, पण जेवताना मी मान वर करत नसे. सासूबाईंनी ठरवलं होतं, मनू परत येतेय. आणि मुलगा झाला तर?

ही भीती मी काकूंना सांगितली, तर त्यांचं तोंड पांढरं पडलं. घरचे सगळे मुलगा व्हावा म्हणून देव पाण्यात ठेवून बसलेले. ह्यांनी तर नावही ठरवलं होतं. आणि इकडे भागूकाकू धापा टाकत दुर्गाडीची चढण चढल्या आणि देवीला मुलीसाठी नवस बोलल्या. देवळात काकू देवीशी एकांतात बोलल्या, म्हणजे खालच्या खाडीतल्या होडीवाल्यांनी सगळं ऐकलं. संध्याकाळपर्यंत आळीत बोंबाबोंब झाली. मुलगी व्हावी म्हणून नवस करणारी बाई लोकांनी पहिल्यांदाच पाहिली होती. कुणी म्हणालं, ही घराण्यावर उठली. मामंजींनी गोपाळभटांना बोलावून जाब विचारला. गोपाळभट म्हणाले, ‘मी काही बोलत नाही,’ आणि ते खरंच होतं.

माझे दिवस भरले. एक सबंध दिवस मी कळा दिल्या. सासूबाई बाळंतिणीच्या खोलीच्या दाराला पाठ लावून बाहेर बसल्या होत्या. काकू अंगणात उभ्या होत्या, आत यायची त्यांची छाती होईना. मी अडले असते तर सासूबाईंनी त्यांना जन्मात तोंड दाखवू दिलं नसतं, आणि काकूंनी स्वतःलाही क्षमा केली नसती. पण खाल्लेलं अन्न कामाला आलं. अंगात जोर होता. दिवेलागणीला पोर बाहेर आलं आणि असं ओरडलं की बाहेर काकूंनी पंढरी दुमदुमावी तसा आनंदानं टाहो फोडला.

सुईणीनं दार किलकिलं करून पडेल आवाजात सांगितलं, ‘मुलगी आहे.’

सासूबाई म्हणाल्या, ‘ते मला ठाऊक होतं. साखर वाटा.’

मुलीच्या जन्माची साखर आमच्या आळीनं त्याआधी खाल्ली नव्हती. पोर टपोरी होती, जावळ काळंभोर. तिचं नाव काय ठेवायचं हे कुणी विचारलंही नाही.

बारसं झाल्यावर काकू मला शेक द्यायला येऊन बसल्या होत्या, तेव्हा मी त्यांना आठळ्यांचं विचारलं. शेगडीवरचं फडकं परतत त्या म्हणाल्या, ‘ती तुझी मागणी नव्हती गं. मनूची होती.’

पहिल्या मनूनं, माझ्या वन्संनी, पाचव्या महिन्यात हा डोहाळा भागूकाकूंना सांगितला होता. काकू तेव्हा तरुण होत्या, आणि त्यांना हसू आलं. घरात तूप-लोणी वाहतंय आणि ही भिकाऱ्यासारख्या राखेतल्या आठळ्या मागते, म्हणून त्यांनी तिची चेष्टा केली, आणि वहिनींना सांगायचं राहूनच गेलं. आज सांगू, उद्या सांगू, म्हणताना मनू गेली. ‘आठळ्या न खाल्ल्यानं कुणी मरत नाही, एवढं मला कळतं,’ काकू म्हणाल्या. ‘पण पोरीनं विश्वासानं सांगितलं होतं. तेव्हापासून कुणाचा निरोप मी राहू दिला नाही. मागितलेला दिला, न मागितलेलाही दिला.’ सासूबाईंनी कोठीला कुलूप घातलं तेव्हा काकूंना दुसरं काही सुचेना, म्हणून तो जुना निरोप त्यांनी त्या सकाळी पोचवला. वहिनी हाताला धरून घराबाहेर काढतील असंच त्यांना वाटलं होतं. वहिनींना तो आधीच माहीत आहे, मनूनं कळा देतादेता आईला सगळं सांगितलं असणार, आणि इतकी वर्षं सासूबाईंनी एका शब्दानं दोष दिला नव्हता, हे त्यांना ‘फार उशीर केलास’ या एका वाक्यावरून कळलं.

एवढं बोलून काकूंनी डोळे पुसले, आणि माझ्यासाठी केलेल्या अळिवाच्या लाडवांपैकी एक चव बघायला घेतला. मग दुसरा घेतला.

यानंतर त्यांची वकिली पुष्कळ वर्षं चालली. आळीत नवनव्या सुना आल्या, नवनवे डोहाळे लागले, आणि श्रावणात घीवर, थंडीत पोपटी हा काकूंच्या अशिलांचा क्रम कधी चुकला नाही. आमची मनू त्यांच्याच ओटीवर वाढली. बोलणंही त्यांच्याकडूनच शिकली, त्यामुळे आमच्या घरात कुजबूज अशी राहिलीच नाही.

मनूचं लग्न ठाण्याकडे बाळकुमला झालं. ती पहिल्या बाळंतपणाला कल्याणला आली, तेव्हा काकूंनी अंथरूण धरलं होतं. गोपाळभट आदल्या वर्षी गेले, आणि ज्या माणसाला त्यांनी जन्मभर बोलू दिलं नाही, तो गेल्यावर काकूंचंच बोलणं आटलं. मग खाणंही आटलं. मुलं-सुना हातापाया पडत, पण त्या तोंड उघडत नसत. वैद्यांनी सांगितलं, पेज पोटात गेली तर बाई उठेल. पेज जाईना. सुनांनी घीवर करून पाहिले. काकूंनी भिंतीकडे तोंड फिरवलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं. घीवराला पाठ दाखवणाऱ्या भागूकाकू मला बघवेनात.

घरी येऊन मी हे सांगितलं. सासूबाई तेव्हा कमरेत पार वाकल्या होत्या, उंबरा ओलांडायलाही कुणाचा हात लागे. त्यांनी ऐकून घेतलं, मला पेज करायला लावली, आणि वाटी मनूच्या हातात देऊन म्हणाल्या, ‘चल गं. मला हात दे.’

आम्ही तिघी गेलो. सासूबाई काकूंच्या अंथरुणाशी टेकल्या आणि हाशहुश करून बोलायला लागल्या. विहिरीचं पाणी खाली गेलंय. ठाण्याला म्हणे नवा साहेब आलाय. पलीकडच्यांच्या गाईला खोंड झाला. भिंतीकडे असलेलं काकूंचं तोंड हळूहळू इकडे वळलं.

सासूबाई म्हणाल्या, ‘मनूला डोहाळा लागलाय, भागू.’

काकूंचे ओठ हलले. किती दिवसांनी त्यांच्या तोंडून शब्द आला. ‘काय मागतेय?’

‘भागूकाकूनं वाटीभर पेज प्यावी, असं मागतेय.’

काकू सासूबाईंकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. वालाच्या बिरड्यापासून पोपटीपर्यंत आमची सगळी लबाडी या बाईनं डोळे उघडे ठेवून चालू दिली होती, हे मला तेव्हा कुठे उमगलं. आपल्या हातानं वाढायचा धीर नव्हता, तेव्हा कुणीतरी आपल्याला भाग पाडावं, एवढंच बिचारीला हवं असणार.

काकूंनी मनूला विचारलं, ‘खरंच मागितलंस गं?’

मनूनं दोन्ही हात वर केले. ‘मी नाही काकूआजी. पोट बोलतंय.’

‘मोडू नकोस हो,’ सासूबाई म्हणाल्या. ‘पोराचा कान फुटेल.’

काकूंनी तोंड उघडलं. सासूबाईंनी वाटी ओठाला लावली, निम्मी पेज उशीवर सांडली, पण निम्मी आत गेली. दुसऱ्या घोटाला काकू म्हणाल्या, ‘मीठ कमी आहे, वहिनी,’ आणि ते पलीकडच्या घरात ऐकू गेलं. त्या संध्याकाळी मी निघाले तेव्हा मागे वळून पाहिलं, तर एक म्हातारी दुसरीचं तोंड पदरानं पुसत होती आणि दुसरी हातातून वाटी सोडायला तयार नव्हती. माझ्या डोळ्यांपुढे काकू आहेत त्या अशाच.

उन्हाळ्यात फणस पिकले आणि काकू गेल्या. त्याआधी मनूला मुलगा झालेला त्यांनी पाहिला, आणि मांडीवर घेऊन त्याचे दोन्ही कान नीट तपासले. त्याचा कान आजतागायत फुटलेला नाही.